टेलिंगमधले सोने कसे शोधावे: रिकव्हरी वाढवण्यासाठी खनिज-विश्लेषणाची पद्धत

सोन्याच्या प्रक्रिया-कारखान्यात टनामागे ३ ग्रॅम सोने असलेले धातुक (खाणीतला दगड) आले आणि टेलिंगमध्ये, म्हणजे सोने काढून घेतल्यावर उरणाऱ्या टाकाऊ गाळात, टनामागे ०.४५ ग्रॅम सोने निघून गेले, तर रिकव्हरी (हाती आलेले सोने) ८५ टक्के झाली, एवढे अ‍ॅसेचा, म्हणजे सोन्याचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचा, कागद सांगतो. ते ०.४५ ग्रॅम कशामुळे गेले, हे मात्र त्या कागदावर नसते. ते गारगोटीच्या कणात बंद राहिले असेल, आर्सेनोपायराइट या आर्सेनिकच्या खनिजाच्या स्फटिकात अणूंच्या रूपाने मिसळलेले असेल, जाड कण असल्यामुळे सोने विरघळवणाऱ्या सायनाइडला वेळ अपुरा पडला असेल, किंवा एकदा विरघळून धातुकातल्या कार्बनने परत ओढून घेतले असेल. या चारही कारणांवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर वीज, रसायन आणि पैसा वाया जातो. म्हणून टेलिंग वाढले की आधी सायनाइडचा डोस वाढवायचा, ही सवय सोडून आधी खनिजे पाहावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. हा लेख त्या पाहण्याची रीत क्रमाने सांगतो.

एकाच क्षेत्रातले सोनेही एकसारखे नसते. २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झालेल्या कोलार सुवर्णक्षेत्रात चॅम्पियन शिरेतले सोने मुख्यतः गारगोटीत मोकळ्या कणांच्या रूपाने होते, तर त्याच क्षेत्रातल्या पश्चिमेकडच्या शिरा सल्फाइड, म्हणजे गंधकयुक्त खनिजांच्या, प्रकारच्या होत्या. कर्नाटकातच रायचूर जिल्ह्यात हट्टीच्या धातुकात गारगोटीबरोबर पायराइट, पिऱ्होटाइट, आर्सेनोपायराइट आणि कॅल्कोपायराइट ही सल्फाइड खनिजे आढळतात. हट्टीची कंपनी १९४७ साली हैदराबाद गोल्ड माइन्स या नावाने सुरू झाली, आणि तेव्हा रायचूर व मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. या भागातला सोन्याचा शोध फार जुना आहे. ज्या शिलालेखामुळे अशोकाचे नाव निश्चित झाले तो मस्कीचा लेख १९१५ साली सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्यालाच सापडला होता.

पहिली पायरी: नेमका प्रश्न लिहून काढणे

प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याआधी एका ओळीत प्रश्न लिहावा. ‘आमच्या धातुकाचे खनिज-विश्लेषण करून द्या’ असे लिहून पाठवले तर सुंदर छायाचित्रांचा जाड अहवाल मिळतो आणि कारखान्यात काहीच बदलत नाही. ‘गेल्या तीन महिन्यांत टेलिंगमध्ये जाणारे सोने कोणत्या आकाराच्या कणांत आणि कोणत्या खनिजात आहे’ असे विचारले, तर उत्तर कामाला येते. चालू कारखान्यात पहिला नमुना टेलिंगचा घ्यावा, कारण तोटा तिथे आहे. त्याच्या जोडीला त्याच काळातले फीड, म्हणजे कारखान्यात येणारे धातुक, घ्यावे. नवीन खाण असेल तर ड्रिलने काढलेल्या गाभ्याचे नमुने खडकप्रकारानुसार वेगळे ठेवावेत आणि सगळे एकत्र कालवून एक सरासरी नमुना करण्याचा मोह टाळावा, कारण सरासरी नमुन्यासारखे धातुक प्रत्यक्ष खाणीतून कधीच येत नाही.

दुसरी पायरी: नमुना

बहुतेक चुका येथेच होतात, म्हणून येथे थोडे थांबू. शुद्ध सोन्याची घनता १९.३ आहे. १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा सोन्याचा गोल कण साधारण १० नॅनोग्रॅम वजनाचा भरतो. व्यास दहापट झाला की वजन हजारपट होते, म्हणजे १०० मायक्रॉनचा कण १० मायक्रोग्रॅमचा. आता फायर अ‍ॅसेसाठी (मुशीत वितळवून सोने मोजण्याच्या चाचणीसाठी) ३० ग्रॅम भुकटी घेतली आणि धातुकात टनामागे १ ग्रॅम सोने असले, तर त्या मुशीत ३० मायक्रोग्रॅम सोने यायला हवे. ते १० मायक्रॉनच्या कणांत असेल तर मुशीत ३,००० कण येतील आणि चार कण कमीजास्त झाल्याने काही बिघडणार नाही. तेच सोने १०० मायक्रॉनच्या कणांत असेल तर मुशीत फक्त तीन कण येतील. एखाद्या वेळी दोन, एखाद्या वेळी पाच. २०० मायक्रॉनचा एकच कण ८० मायक्रोग्रॅमचा असतो, म्हणजे बहुतेक मुशींत सोने दिसणारच नाही आणि एखादीत भलताच मोठा आकडा येईल. प्रयोगशाळेने कितीही चोख काम केले तरी हा फरक राहतोच, कारण तो मुशीत किती कण पडले याचा आहे.

त्यामुळे जाड सोन्याचा संशय असेल तेव्हा सुमारे १ किलो नमुना १०६ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळावा, चाळणीवर राहिलेला सगळा भाग अ‍ॅसेला द्यावा, खालच्या भागातून दोन किंवा तीन मुशी घ्याव्यात आणि वजनाच्या प्रमाणात दोन्हींची बेरीज करावी. चाळणीवरच्या भागात एकूण सोन्याचा मोठा वाटा निघाला, तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधीच आपल्या हाती एक महत्त्वाचा निष्कर्ष लागलेला असतो.

टेलिंगचा नमुना वाहत्या स्लरीच्या (पाणी मिसळलेल्या भुकटीच्या) पूर्ण रुंदीतून आडवा काप घेऊन गोळा करावा. पाइपाच्या तळाशी भांडे धरून घेतलेल्या नमुन्यात जड खनिजे जास्त येतात आणि पुढचे सगळे गणित चुकते. दर दोन तासांनी थोडे थोडे घेऊन दिवसाचा आणि मग महिन्याचा एकत्र नमुना करावा. गोळा करताना नमुना गाळून स्वच्छ पाण्याने नीट धुवावा. तसे केले नाही तर द्रावणात विरघळलेले सोने वाळून घन भागावर बसते आणि न विरघळलेल्या सोन्यात मोजले जाते. वाळवताना भट्टी फार तापवू नये, नाही तर सल्फाइडांचे पृष्ठभाग बदलतात. भाग करण्यासाठी फिरता स्प्लिटर वापरावा. फावड्याने वरचा भाग उचलून बाटलीत भरणे म्हणजे नमुना घेणे नव्हे.

तिसरी पायरी: सोन्याबरोबर बाकीची मूलद्रव्ये

सोन्याच्या आकड्याबरोबर चांदी, गंधक, आर्सेनिक, तांबे, अँटिमनी, टेल्युरियम, पारा आणि सेंद्रिय कार्बन यांचे प्रमाण मागवावे. एकूण कार्बनवर समाधान मानू नये, कारण त्यात कॅल्साइटचा निरुपद्रवी कार्बनही धरलेला असतो. या आकड्यांवरून खनिजांचे प्रमाण आधीच अंदाजता येते. आर्सेनोपायराइटमध्ये वजनाने सुमारे ४६ टक्के आर्सेनिक असते. म्हणून नमुन्यात ०.२३ टक्के आर्सेनिक निघाले आणि दुसरे आर्सेनिक-खनिज नसेल, तर ०.५ टक्के आर्सेनोपायराइट आहे असे समजावे. हा आकडा जवळ ठेवावा, पुढे तो लागणार आहे. क्ष-किरण विवर्तनाने मुख्य खनिजे व चिकणमाती ओळखता येतात, पण टनामागे काही ग्रॅम असलेले सोने त्या यंत्राला दिसत नाही, तेव्हा तशी अपेक्षाही ठेवू नये.

चौथी पायरी: आकारानुसार चाळून अ‍ॅसे

ही सर्वांत स्वस्त आणि, माझ्या मते, सर्वांत जास्त शिकवणारी चाचणी आहे. टेलिंग ओल्या चाळणीने आकारांत विभागावे, प्रत्येक भागाचे वजन घ्यावे आणि प्रत्येकाची अ‍ॅसे करावी. सुरुवातीच्या उदाहरणातल्या टेलिंगचे चित्र असे निघाले असे समजू: १०६ मायक्रॉनवर वजनाचा १५ टक्के भाग, त्यात टनामागे १.२० ग्रॅम, ७५ ते १०६ मायक्रॉनमध्ये १५ टक्के, ०.६० ग्रॅम, ३८ ते ७५ मध्ये २० टक्के, ०.३० ग्रॅम; आणि ३८ मायक्रॉनखाली ५० टक्के, ०.२४ ग्रॅम. प्रत्येक भागाचे वजन आणि अ‍ॅसे गुणून बेरीज केली की ०.४५ ग्रॅम बरोबर जुळते. ती जुळली नाही तर पुढे जाऊ नये, चाळणी पुन्हा करावी.

आता दिसते की वजनाचा जेमतेम १५ टक्के असलेला सर्वांत जाड भाग एकूण तोट्याचा ४० टक्के वाटा घेऊन जातो. दळण थोडे बारीक करून वरचे दोन्ही भाग ०.३० ग्रॅमपर्यंत उतरवता आले, तर टनामागे ०.१८ ग्रॅम वाचते, टेलिंग ०.२७ वर येते आणि रिकव्हरी ९१ टक्क्यांवर जाते. दिवसाला १,००० टन धातुक दळणाऱ्या कारखान्यासाठी ते रोजचे १८० ग्रॅम सोने आहे. मात्र हा हिशेब कागदावर मांडला म्हणून लगेच बॉल मिलची (दळण्याच्या यंत्राची) सेटिंग बदलायला धावू नये. जाड भागातले ते १.२० ग्रॅम सोने गारगोटीत अडकलेले आहे, आर्सेनोपायराइटमध्ये विखुरलेले आहे, की ते मोकळे पण जाड सोन्याचे कण आहेत, हे चाळणीला कळत नाही. पहिल्या स्थितीत बारीक दळण उपयोगी पडेल, दुसऱ्या स्थितीत नुसती वीज जळेल, आणि तिसऱ्या स्थितीत गुरुत्व-विलगीकरण, म्हणजे जड-हलके कण वेगळे करणे, हा उपाय करावा लागेल. येथून पुढे डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

पाचवी पायरी: सूक्ष्मदर्शकाखाली

नमुना राळेत बसवून, घासून, आरशासारखा चकचकीत करतात आणि परावर्तित प्रकाशात पाहतात. थेट टेलिंगचा किंवा फीडचा नमुना बसवला तर काय होते, याचे गणित आधी करून पाहावे. टनामागे ३ ग्रॅम सोने असलेल्या गारगोटीप्रधान धातुकात सोन्याचे आकारमान एकूण आकारमानाच्या सुमारे एक कोटी भागांत चार भाग असते. ३० मिलिमीटर व्यासाच्या घासलेल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस मिलिमीटर. तो पूर्ण धातुकाने भरलेला धरला तरी त्यात सोन्याचे क्षेत्रफळ जेमतेम ३०० चौरस मायक्रॉन येईल, म्हणजे १० मायक्रॉनचे चार कण. चार कणांवरून कारखान्याचा निर्णय घेणे हे धाडस आहे, अभ्यास नव्हे.

म्हणून आधी सोने गोळा करावे. चाळणीचा प्रत्येक भाग वेगळा ठेवून तो २.९ च्या आसपास घनतेच्या जड द्रवात बुडवावा: गारगोटी आणि फेल्स्पार तरंगतात, सोने, सल्फाइड आणि लोह-ऑक्साइडे तळाशी जातात. किंवा पॅनने, अथवा प्रयोगशाळेच्या लहान कॉन्सन्ट्रेटरने धुवावे. विदर्भातले सोनझारी नदीची वाळू धुताना पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. हलके वाहून जाऊ द्यायचे आणि तळाच्या काळ्या वाळूत पिवळा ठिपका शोधायचा. फरक इतकाच की प्रयोगशाळेत तरंगलेल्या भागाचीही अ‍ॅसे करावी लागते. गारगोटीत खोल बंद असलेले बारीक सोने त्या तरंगत्या भागातच असते आणि ते विसरले तर अभ्यास एकांगी होतो.

सोन्याचा कण पहिल्यांदा पाहणारा पायराइटला फसतो, नंतर कॅल्कोपायराइटला. चकचकीत पृष्ठभागावर पायराइट फिकट मलईच्या रंगाचा आणि कडक असल्यामुळे आजूबाजूपेक्षा किंचित उंच दिसतो. कॅल्कोपायराइट पिवळाच असतो, पण त्यात हिरवट झाक असते आणि चमक मध्यम असते. सोने झळाळते, इतके की त्याच्या शेजारी कॅल्कोपायराइट मळकट वाटू लागतो. आणि मऊ असल्यामुळे त्यावर घासण्याचे बारीक ओरखडे उरतात. मोकळा कण सुईच्या टोकाने दाबून पाहावा: सोने दबते, पायराइट फुटतो. रंग पांढरटपणाकडे झुकला तर चांदी जास्त आहे. चांदी २० टक्क्यांच्या वर गेली की त्या मिश्रधातूला इलेक्ट्रम म्हणतात.

प्रत्येक कणासाठी चार गोष्टी टिपाव्यात: आकार, सोबतचे खनिज, कण मोकळा आहे की चिकटलेला की पूर्ण बंद, आणि बंद नसेल तर परिघाचा किती भाग उघडा आहे. या चौथ्या नोंदीकडे दुर्लक्ष होते, आणि खरे महत्त्व तिलाच आहे. सायनाइडला कण पूर्ण मोकळा असण्याची गरज नसते. द्रावण पोहोचेल एवढी एक उघडी बाजू पुरते. फ्लोटेशनमध्ये, म्हणजे बुडबुड्यांना चिकटवून खनिजे तरंगवताना, कण ज्या सल्फाइडला चिकटला आहे ते तरंगले की सोनेही तरंगते. गुरुत्व-विलगीकरणाला मात्र कण बहुतांशी मोकळाच लागतो. त्यामुळे ‘मुक्तता ६० टक्के’ असा एकच आकडा कोणत्याही निर्णयाला पुरेसा नाही. कोणत्या प्रक्रियेसाठी मुक्त, ते विचारावे.

क्यूईएमस्कॅन, एमएलए किंवा टिमा यांसारखी स्वयंचलित इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक यंत्रे हजारो कण तपासून हीच नोंद करून देतात. नागपूरला भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे आणि हिंगण्याला त्यांची खनिज-प्रक्रिया प्रयोगशाळा आहे; महाराष्ट्रातल्या अभियंत्याने प्रत्यक्ष काम पाहायला सुरुवात करायची तर ते जवळचे ठिकाण आहे. यंत्र कोणतेही असो, त्याने चमकदार म्हणून टिपलेले कण एकेक करून माणसाने तपासावेत. शिसे आणि बिस्मथ यांची खनिजेही इलेक्ट्रॉन-प्रतिमेत तशीच उजळ दिसतात.

सहावी पायरी: न दिसणारे सोने

काही धातुकांत सूक्ष्मदर्शकाला सोने दिसतच नाही आणि अ‍ॅसेत मात्र येते. अमेरिकेत नेवाडातल्या कार्लिन खाणीचे उत्पादन १९६५ मध्ये सुरू झाले, आणि तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धातुकात सोने आर्सेनिकयुक्त पायराइटमध्ये इतक्या सूक्ष्म रूपात असते की ते दिसत नाही. असे सोने मोजण्यासाठी लेझरने खनिजाचा ठिपका उडवून वस्तुमान-वर्णपटमापकात तपासतात किंवा आयनांचा मारा करून दुय्यम आयन मोजतात.

येथे मघाचा आर्सेनोपायराइटचा आकडा कामाला येतो. समजा आर्सेनोपायराइटच्या पन्नासेक कणांवर मोजणी केली आणि सरासरी टनामागे ४८ ग्रॅम सोने निघाले. धातुकात ०.५ टक्के आर्सेनोपायराइट आहे, म्हणजे धातुकाच्या प्रत्येक टनामागे ०.२४ ग्रॅम सोने त्या स्फटिकांत मिसळलेले आहे. ३ ग्रॅमच्या फीडमधले हे ८ टक्के सोने कितीही बारीक दळले तरी साध्या सायनाइडला मिळणार नाही. उदाहरणातल्या टेलिंगमध्ये ३८ मायक्रॉनखालचा भाग ०.२४ ग्रॅमच्या खाली का उतरत नाही, याचे उत्तर बहुधा येथे आहे. यातून एक दुसरी गोष्टही कळते: व्यवस्थापनाने ९५ टक्के रिकव्हरी मागितली, तर सध्याच्या प्रक्रियेत ती का शक्य नाही हे आकड्याने दाखवता येते.

सातवी पायरी: टप्प्याटप्प्याने विरघळवून पडताळणी

सूक्ष्मदर्शक थोडे कण पाहतो, म्हणून त्याचे म्हणणे मोठ्या नमुन्यावर तपासावे. टेलिंगचा नमुना पुन्हा जोरकस सायनाइडमध्ये फिरवावा. जे विरघळले ते द्रावणाला पोहोचण्याजोगे असूनही कारखान्यात सुटले होते. मग उरलेला भाग हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवून पुन्हा सायनाइड द्यावे. पिऱ्होटाइट व कार्बोनेटांतले सोने मोकळे होते. त्यानंतर नायट्रिक आम्लाने पायराइट आणि आर्सेनोपायराइट फोडून पुन्हा सायनाइड द्यावे. शेवटी कार्बन जाळून पाहावे, आणि जे उरते ते गारगोटीत बंद आहे असे धरावे.

सायनाइड आणि आम्ल यांची गाठ पडली की हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो. म्हणून प्रत्येक टप्प्यामध्ये गाळ पूर्ण धुवावा, धुवणातले सायनाइड तपासावे, आम्ल फक्त वायुनिःसारण असलेल्या कपाटात वापरावे, सायनाइडच्या द्रावणाचा पीएच १०.५ च्या खाली येऊ देऊ नये आणि ही चाचणी एकट्याने कधीही करू नये.

आठवी पायरी: निष्कर्षावरून बदल

सर्व चाचण्यांचे आकडे एका तक्त्यात आणून सोन्याचा ताळेबंद मांडावा: इतके मोकळे, इतके चिकटलेले, इतके गारगोटीत, इतके सल्फाइडमध्ये बंद, इतके स्फटिकात मिसळलेले. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी साधारण जुळले पाहिजेत.

मोकळे जाड सोने टेलिंगमध्ये दिसले, तर ते सायनाइडकडे जाण्याआधीच पकडावे. अगदी चांगल्या परिस्थितीतही ४५ मायक्रॉन जाडीचे सोने विरघळायला सुमारे १३ तास आणि १५० मायक्रॉनचे विरघळायला सुमारे ४४ तास लागतात. टाक्यांत स्लरी २४ तास राहत असेल तर जाड कण अर्धवट विरघळून बाहेर पडणारच. दळणाच्या आवर्तनात, सायक्लोनच्या (कण आकारानुसार वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) जाड भागावर सेंट्रिफ्युगल कॉन्सन्ट्रेटर (गरगर फिरवून जड कण पकडणारे यंत्र) बसवणे हा यावरचा सरळ उपाय आहे. जाड सोने चेपटे होऊन मिलमध्ये फिरत राहते आणि ते तिथेच सापडते.

गारगोटीत किंवा सल्फाइडच्या कडेला अडकलेल्या सोन्यासाठी बारीक दळण योग्य, पण किती बारीक ते सोन्याच्या कणांच्या आकारावरून ठरवावे. सोने सल्फाइडमध्येच असेल तर सगळे धातुक दळण्याऐवजी आधी फ्लोटेशनने सल्फाइड वेगळे करून तेवढाच थोडा माल अतिसूक्ष्म दळावा. विजेचा खर्च अनेक पटींनी कमी होतो.

पिऱ्होटाइट जास्त असेल तर तो ऑक्सिजन आणि सायनाइड दोन्ही खातो. त्यासाठी सायनाइड घालण्यापूर्वी चुना टाकून काही तास हवा किंवा ऑक्सिजन देणे, आणि गरज पडल्यास शिसे-नायट्रेटची अल्प मात्रा, हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. तांब्याच्या बाबतीत केवळ टक्केवारी पाहून घाबरू नये. कॅल्कोपायराइट सायनाइडमध्ये फारसा विरघळत नाही. कॅल्कोसाइट, कोव्हेलाइट, बोर्नाइट आणि मॅलॅकाइट भराभर विरघळतात. तांब्याची तीच टक्केवारी एका धातुकात निरुपद्रवी तर दुसऱ्यात सायनाइडचे बिल फुगवणारी ठरते, आणि हा फरक फक्त खनिज ओळखूनच कळतो. स्टिब्नाइट (अँटिमनीचे सल्फाइड) असेल तर चढ्या पीएचला तो विरघळून सोन्यावर थर बसवतो, म्हणून पीएच जपून ठेवावा. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीसारखी टेल्युराइडे (सोने-टेल्युरियमची खनिजे) सायनाइडमध्ये फार मंद विरघळतात. तिथे अतिसूक्ष्म दळण किंवा भाजणे यांचा विचार करावा लागतो.

सेंद्रिय कार्बन सोने परत ओढत असेल, तर विरघळवणे आणि सक्रिय कार्बनने पकडणे एकाच टाकीत एकाच वेळी करावे, म्हणजे चांगला कार्बन आधी सोने घेतो. आणि सोने स्फटिकातच मिसळलेले असेल, तर सल्फाइड मोडण्यावाचून गत्यंतर नाही: भाजणे, दाबाखालील ऑक्सिडीकरण, किंवा दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू येथे १९८६ पासून वापरात आलेली जिवाणूंची पद्धत. हे तिन्ही खर्चिक आहेत आणि त्यांतून सुटणारे आर्सेनिक स्थिर रूपात कायमचे बंदिस्त करण्याची जबाबदारी त्यांच्याबरोबरच येते. तो खर्च धरल्यावर ८ टक्के सोन्यासाठी हे करणे परवडत नाही, असे उत्तर आले तर तेही मान्य करावे.

नववी पायरी: कारखान्यात तपासून पाहणे

प्रयोगशाळेतला बदल आधी बाटलीत नमुना सायनाइडबरोबर फिरवून, मग एका ओळीवर किंवा ठराविक दिवसांपुरता करून पाहावा. एक दिवस जुनी सेटिंग, एक दिवस नवी, असे आलटून पालटून किमान काही आठवडे चालवावे. नाही तर त्याच आठवड्यात खाणीतून आलेल्या चांगल्या धातुकाचे श्रेय बॉल मिलला मिळते. बदलानंतर चौथ्या पायरीतली चाळणी पुन्हा करावी. उदाहरणातला १०६ मायक्रॉनवरचा भाग १.२० वरून खरोखर खाली आला का, हे तिथेच दिसते.

महिन्याच्या एकत्र टेलिंगची चाळणी-अ‍ॅसे दर महिन्याला, सूक्ष्मदर्शकाची तपासणी दर तिमाहीला आणि खाणीचा नवा भाग सुरू होण्याआधी त्याच्या गाभ्यावर संपूर्ण अभ्यास, एवढे वेळापत्रक मध्यम कारखान्याला झेपते. प्रत्येक महिन्याचा पाचेक किलो सुका नमुना हवाबंद डब्यात, तारीख आणि खाणीतला भाग लिहून वेगळा ठेवावा. सल्फाइड असलेला माल उघड्यावर राहिला तर गंजतो आणि सहा महिन्यांनी त्याची चाचणी वेगळेच काही दाखवते, म्हणून शक्य असेल तर तो नमुना शीतपेटीत ठेवावा.